चित्रात जे आहे, ते निवेदनात यावे

वार्षिक प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की कोल्हापुरातील कलाविद्यार्थ्यांकडून येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. कागद, रंग, माती यांविषयीचे प्रश्न मागे पडतात आणि ‘माझ्या कामाचा अर्थ काय आणि तो मी सांगू कसा’ हा एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत समोर येऊ लागतो. त्यांपैकी चार पत्रे या अंकासाठी घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी चित्रकला पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचे घर प्रयाग चिखलीत आहे. २०१९च्या महापुरात घरात पाणी शिरले तेव्हा मी सातवीत होते. २०२१ साली पुन्हा तेच झाले. प्रदर्शनासाठी याच विषयावर मी जलरंगात सहा चित्रे केली आहेत. सोबत त्यांची छायाचित्रे आणि निवेदनाचा, म्हणजे चित्रांशेजारी लावायच्या टिपणाचा, मसुदा पाठवत आहे. मसुद्यात मी ‘मानव आणि निसर्ग यांच्यातील संघर्ष’, ‘स्मृती आणि विस्थापन’, ‘अस्तित्वाचा शोध’ असे लिहिले होते. सर म्हणाले, ‘हे कोणाच्याही चित्राखाली चिकटवता येईल.’ मला राग आला, पण त्यांचे म्हणणे खोडून काढता आले नाही. निवेदन लिहावे तरी कसे?

उत्तर : मी आधी चित्रे पाहिली आणि मग मसुदा वाचला. मसुद्यात नदी आहे. चित्रांत नदी कुठेच नाही. पंचगंगेचे रौद्र रूप, बुडालेला ऊस, नावेतून बाहेर काढली जाणारी माणसे यांपैकी एकही गोष्ट तुम्ही काढलेली नाही. तुम्ही काढले आहे ते पाणी ओसरल्यानंतरचे घर : पलंगावर चढवलेली पत्र्याची ट्रंक, उंबऱ्यापाशी उभी करून ठेवलेली गादी आणि तीन चित्रांत पुन्हा पुन्हा येणारी स्वयंपाकघरातली मांडणी. त्या मांडणीच्या तिसऱ्या फळीवरून एक आडवी रेघ भिंतभर गेली आहे. रेघेच्या वरचे डबे तुम्ही टोकदार पेन्सिलीने इतके नेमके काढले आहेत की त्यांच्यावर कोरलेली नावेसुद्धा वाचता येतात. रेघेच्या खालचे डबे मात्र ओल्या कागदावर सोडलेल्या मातकट रंगात विरघळत गेले आहेत आणि त्यांच्यावर नाव उरलेले नाही. लग्नात, बारशाला, वास्तुशांतीला आलेल्या भांड्यांवर नाव घालण्याची आपली पद्धत ज्याला ठाऊक आहे, तो प्रेक्षक त्या नाहीशा झालेल्या नावांपुढे थांबल्याशिवाय राहणार नाही. तुमच्या चित्रांचा गाभा मला तेथे दिसतो, आणि मसुद्यात नेमका त्याविषयी एक शब्दही नाही.

असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. निवेदन लिहायला बसताना विद्यार्थी बहुधा चित्र बाजूला ठेवतो आणि विषयाचा विचार करू लागतो. विषय ‘पूर’ म्हटला की पुरावर आजवर वाचलेले, ऐकलेले आणि शाळेतल्या निबंधात लिहिलेले सगळे शब्द आपोआप धावून येतात, आणि त्या गर्दीत स्वतःचे चित्र हरवते. चित्र काढताना तुम्ही अशा मोघम नव्हता. कागद केवढा घ्यायचा, रेघ कोणत्या उंचीवर आखायची, माणसे ठेवायची की नाही, पेन्सिल कोठे थांबवायची, या प्रत्येक बाबतीत तुम्ही निर्णय घेतलेला आहे, मग तो घेताना तुम्हाला जाणवला असो वा नसो. वैयक्तिक अर्थ शोधायचा तर तो या निर्णयांत शोधावा.

सहाही चित्रे वर्गातल्या भिंतीला ओळीने टेकवून ठेवा आणि प्रथम केलेल्या व टाळलेल्या गोष्टींची साधी वाक्ये लिहा : पाणी काढले नाही; माणसे काढली नाहीत; रेघेच्या वर पेन्सिल, खाली ओला रंग. मग प्रत्येक वाक्यापुढे कारण लिहा. कारण सुचत नसेल तेथे जागा कोरी सोडा आणि दोन दिवसांनी पुन्हा पाहा. रेघ तिसऱ्या फळीवरच का आली? पाणी खरोखर तेथपर्यंत चढले होते म्हणून, की सातवीतल्या मुलीचे डोळे त्या उंचीवर होते म्हणून? या दोन उत्तरांतून दोन वेगळी निवेदने तयार होतील, आणि कदाचित सातवे चित्रही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरची ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी पावसाळ्यात आपल्याकडे लहान मुलांनाही तोंडपाठ असते. तुमच्या घराने पाणी मोजले ते मात्र मांडणीच्या फळ्यांनी. एवढे एक वाक्य निवेदनात आले, तरी ते दुसऱ्या कोणाच्या चित्राखाली चिकटवता येणार नाही.

लांबी शंभर-सव्वाशे शब्दांची पुरे. ‘स्मृती’ किंवा ‘विस्थापन’ या शब्दांशी माझे वैर नाही; आधी डबे, ट्रंक आणि गादी येऊ द्या, आणि त्यानंतरही त्या शब्दांची गरज वाटली तर ते जरूर वापरा.

प्रश्न : मी शिल्पकलेचा विद्यार्थी आहे. आमच्या घरी आजोबांच्या आधीपासून गणेशमूर्तींचे काम चालते. महाविद्यालयात सगळे म्हणतात, ‘तुला विषय आयता मिळाला आहे, कुंभारकामावरच काम कर.’ मला मात्र तालमीत जाऊन पैलवानांच्या पाठींचे अभ्यास करावेसे वाटतात आणि गेले वर्षभर मी तेच करतो आहे. मी माझ्या मुळांपासून पळतो आहे का?

उत्तर : नाही. घरचा व्यवसाय हा विद्यार्थ्याच्या कामाचा विषय झालाच पाहिजे, असा आग्रह धरणारी माणसे प्रेमाने बोलत असली तरी त्यांचे म्हणणे मला मान्य नाही. शहरात वाढलेल्या मुलाने वाटेल तो विषय घ्यावा आणि कारागिराच्या मुलाने मात्र आयुष्यभर स्वतःची ओळखच मांडत बसावे, यात मोठा अन्याय आहे.

या संदर्भात बाबुराव पेंटर यांचे उदाहरण आठवते. त्यांचा जन्म १८९० सालचा, आडनाव मेस्त्री आणि घर कारागिरांचे. त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले, चित्रीकरणाचा कॅमेरा येथेच खटपट करून तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि चित्रकला व शिल्पकला अखेरपर्यंत सांभाळली. मेस्त्रीच्या घरात जन्मलो म्हणून सुतारकामाचीच चित्रे काढावीत, असे त्यांना वाटले नाही. घरातली कारागिरी त्यांच्या हातांत होती आणि ते हात जेथे गेले तेथे ती गेली.

आता तुमच्या कामाविषयी. तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रांतील चारही पाठी पाहताना एक गोष्ट मनात आली, ती पडताळून पाहा. गणेशमूर्तीचे सारे वैभव समोरच्या बाजूला असते. सोंड, हात, आभूषणे आणि शेवटी डोळ्यांची आखणी यांवर कारागिराचा जीव ओतलेला असतो. मखरात बसणाऱ्या मूर्तीची पाठ कोणाला दिसत नाही, म्हणून हंगामाच्या घाईत तिच्यावर हात कमी फिरतो. अशा घरात वाढलेला मुलगा वर्षभर पाठीच घडवतो आहे, आणि त्याही चेहऱ्याशिवाय. तुमच्या शाडूतल्या पाठींवर खांद्याखालचा भाग ओल्या हाताने गुळगुळीत केलेला आहे, तर कण्याच्या दोन्ही बाजूंना अंगठ्याचे ठसे जसेच्या तसे ठेवलेले आहेत. ती सफाई घरची असावी आणि ते ठसे तुमचे. हे मी बाहेरून पाहणाऱ्याचे वाचन म्हणून सांगतो. तुम्हाला ते पटले नाही तर सोडून द्या. पटले तर निवेदनात कुंभारवाड्यावर परिच्छेद लिहू नका. मूर्तीची पाठ आणि पैलवानाची पाठ एवढे दोन उल्लेख एकाच वाक्यात आले की पुढचा धागा प्रेक्षक स्वतः जुळवेल.

प्रश्न : मला निसर्गचित्रणाशिवाय दुसरे काही करावेसे वाटत नाही. पहाटे रंकाळा तलावावर जाऊन मी जलरंगात काम करते. वर्गातले मित्र म्हणतात, यात ‘थीम’ नाही, नुसते दृश्य आहे. परीक्षकांनी आशय विचारला तर काय सांगू?

उत्तर : कोल्हापुरात हा प्रश्न पडावा याचे मला नवल वाटते, कारण या शहराची चित्रपरंपराच निसर्गचित्रांवर पोसलेली आहे. आबालाल रहिमान मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून आले, शाहू महाराजांच्या दरबारी चित्रकार झाले, आणि तरीही कोटितीर्थाचा तलाव आणि त्याचा काठ हेच त्यांचे खरे कार्यक्षेत्र राहिले. १९३१ साली ते गेले. त्यांची चित्रे टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात जाऊन पाहा, आणि त्यानंतर राजारामपुरीतील चंद्रकांत मांडरे यांच्या संग्रहालयात त्यांची निसर्गचित्रे आणि पावडर शेडिंगची, म्हणजे भुकटी कागदावर घासून छटा दिलेली, कामे पाहा. चित्रपट अभिनेते म्हणून गाजलेल्या मांडरे यांनी निसर्गचित्रण कधी सोडले नाही. एकाच परिसरातला निसर्ग दोघांनी किती वेगळा पाहिला आहे, हे तेथे समजते, आणि त्या वेगळेपणातच दोघांचे म्हणणे आहे.

तुमच्या चित्रांत क्षितिज कागदाच्या अगदी वरच्या कडेला ढकललेले आहे आणि उरलेला सगळा कागद पाण्याला दिलेला आहे. तलावातला दगडी संध्यामठ आहे, पण त्याचे प्रतिबिंब त्याच्यापेक्षा गडद आहे. चौपाटी, गाड्या, फिरायला येणारी माणसे, दिव्यांचे खांब, सगळे वगळलेले आहे. इतक्या गजबजलेल्या जागी उभे राहून इतके वगळणाऱ्या व्यक्तीकडे सांगण्यासारखे काही नाही, हे मी मानणार नाही. काय वगळले आणि का, याचे तीन-चार वाक्यांतले उत्तर तयार ठेवा. परीक्षकांसमोर त्याहून अधिक बोलण्याची गरज नाही.

प्रश्न : माझ्या आईच्या दीर्घ आजारपणावर मी चारकोलमध्ये एक मालिका केली आहे. चित्रे दाखवायला माझी हरकत नाही, पण आजाराविषयी सर्वांसमोर बोलण्याची इच्छा नाही. वर्गात परीक्षण होते तेव्हा ‘मोकळेपणाने सांग, त्याशिवाय काम पोहोचत नाही’ असा आग्रह होतो. मी काय करावे?

उत्तर : तुमच्यावर सांगण्याचे कोणतेही बंधन नाही. वैयक्तिक अनुभवातून काम केले म्हणजे तो अनुभव जाहीर करण्याचा करार केला, असे होत नाही. दुःखाची हकिकत ऐकून हळहळलेला प्रेक्षक चित्राकडे अधिक नीट पाहतो, असा माझा अनुभव नाही. पुष्कळदा तो हकिकतीवरच थांबतो आणि कोळशाच्या रेषेपर्यंत पोहोचतच नाही.

परीक्षणात चित्रात दिसणाऱ्या गोष्टींविषयी भरपूर बोला : उशीचा पांढरेपणा कोरा कागद ठेवून का साधला, हात का मोठे काढले, खिडकी प्रत्येक चित्रात अर्धीच का येते. पुढचा प्रश्न आला तर ‘ही मालिका माझ्या घरातल्या एका व्यक्तीविषयी आहे आणि त्यापलीकडचा तपशील मी चित्रापुरताच ठेवला आहे,’ असे शांतपणे सांगा. हे वाक्य आधी आपल्या मार्गदर्शक शिक्षकांना एकांतात सांगून ठेवलेत, तर वर्गात ते तुमची बाजू सांभाळतील. याच ठिकाणी शिक्षकांनाही माझी विनंती आहे : विद्यार्थ्याचा आवाज कापू लागला की प्रश्न चित्राकडे वळवावा.

आणखी एक काम तुमच्याकडे उरते. दोन चित्रांत आईंचा चेहरा ओळखू येतो. चित्रे भिंतीवर लागण्यापूर्वी ती त्यांना दाखवा, कोणते चित्र लोकांसमोर यावे आणि कोणते घरी राहावे हे त्यांना ठरवू द्या, आणि एखादे चित्र त्यांनी मागे ठेवायला सांगितले तर मालिका एका चित्राने कमी करून लावा.