सेप्सिसमध्ये ईएफ ३० वर आलं म्हणजे हार्ट अटॅकच आला का?

तुम्ही लिहिलंय की बाबांना लघवीचं इन्फेक्शन रक्तात गेलं म्हणजे सेप्सिस झालं, व्हेंटिलेटरवर आहेत, आधी ६० असलेलं ईएफ (हार्ट एका ठोक्यात आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) आता ३० आलंय आणि नातेवाईक म्हणतायत अटॅकच आला, डॉक्टर लपवतायत. मी ठाण्यात इको टेक्निशियन आहे, आयसीयूत मशीन ढकलत नेऊन बेडवरच टूडी इको म्हणजे हार्टची सोनोग्राफी करायची हे रोजचंच, त्यामुळे असे पेशंट बरेच बघते. बाबांचा निर्णय अर्थात तिथले डॉक्टरच घेणार.

अटॅकमध्ये सहसा हार्टची एखादीच भिंत हलेनाशी होते. सेप्सिसमध्ये बहुतेकदा अख्खं हार्टच ढेपाळल्यासारखं हलतं, कारण ब्लॉकेज नसतं, गडबड स्नायूच्या पेशीत असते. इन्फेक्शनशी लढताना शरीर टीएनएफ, इंटरल्युकिन असली केमिकल्स सोडतं, त्यातून नायट्रिक ऑक्साइड वाढतं आणि मग कॅल्शियम आलं तरी ट्रोपोनिन (स्नायूला आकुंचन पावायला लावणारं प्रोटीन) त्याला नीट दाद देत नाही, म्हणजे आकुंचनाचा जोरच कमी. त्यात पेशीतले मायटोकॉन्ड्रिया (ऊर्जा बनवणारे भाग) ऑक्सिजन असूनही नीट वापरत नाहीत, आणि अ‍ॅड्रेनॅलिनचे रिसेप्टर पण बधिर होतात. पण पेशी फारशा मरत नाहीत, हे महत्त्वाचं! १९८४ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सेप्टिक शॉकच्या (सेप्सिसमुळे बीपी खूप पडलेल्या) पेशंटवर हेच पाहिलं होतं, जे वाचले त्यांचं पडलेलं ईएफ साधारण ७ ते १० दिवसांत परत वर आलं.

अजून एक, नुसत्या ईएफच्या आकड्यावर जाऊ नका. बीपी पडलेलं असताना रक्तवाहिन्या सैल असतात, हार्टला समोरून विरोधच नसतो म्हणून ईएफ उगाच बरं दिसतं, आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन चालू करून बीपी वर आलं की तेच ईएफ खाली येतं, मग घरचे म्हणतात औषधाने हार्ट बिघडवलं. म्हणून मी रिपोर्टवर त्या वेळचं बीपी आणि नॉरअ‍ॅड किती एमएलने चालू आहे ते लिहूनच ठेवते, नाहीतर दोन रिपोर्टची तुलना करण्यात काही अर्थ नाही.

अटॅक ओळखायला रक्तातल्या ट्रोपोनिनची टेस्ट करतात, ती पण सेप्सिसमध्ये ब्लॉकेज नसताना वाढलेली येते, तेवढ्यावरून अटॅक धरू नका. मात्र वय जास्त, शुगर आहे, ईसीजी बदललाय किंवा इकोत एकच भाग हलत नाहीये असं असेल तर सेप्सिस आणि अटॅक दोन्ही एकत्र असू शकतं, हे डॉक्टरांना थेट विचारा. आणि इन्फेक्शन आटोक्यात आल्यावर, डिस्चार्जच्या आधी, इको रिपीट करून घ्या. तेव्हाही ईएफ खालीच असेल तर अँजिओचं विचारायचं.