बारा वर्षांच्या खंडानंतर बडोद्यात लेखा विभागातील नोकरीसाठी सीव्ही कसा लिहावा?

आपण 2012 साली नोकरी सोडून मुलांना वाढवले आणि आता पुन्हा अर्ज करू इच्छिता, असे लिहिले आहे. हा खंड लपवू नये. ‘कौटुंबिक जबाबदारी’ अशी वर्षांसह एक सरळ ओळ पुरते, आणि तिच्यासाठी क्षमा मागण्याचे तर मुळीच कारण नाही.

खरी अडचण वेगळी आहे. आपण काम करत होता तेव्हा व्हॅट, सेवा कर आणि अबकारी होते. 1 जुलै 2017 पासून त्यांची जागा बहुतांशी जीएसटीने घेतली, त्यामुळे मकरपुऱ्यातील (बडोद्याच्या औद्योगिक भागातील) कारखानदार सर्वप्रथम हेच पाहील की आपल्याला जीएसटीआर-1 (विक्रीचा तपशील) आणि 3बी (कराचा गोषवारा) ही विवरणपत्रे भरता येतात का. म्हणून आधी एखाद्या सीएच्या कार्यालयात दोन-तीन महिने काम करावे आणि तो अनुभव सर्वांत वर लिहावा. जुन्या नोकरीबद्दल ‘हिशेब पाहिले’ असे मोघम न लिहिता बँक ताळमेळ, पगारपत्रक, ताळेबंद अशी कामे नावानिशी नोंदवावीत. गुजराती बिले सहज वाचता येणे आपल्या बडोदेकर मराठी माणसांना कौशल्य वाटतच नाही, पण तेही अवश्य लिहावे. पतीचे नाव व जन्मतारीख वगळावी.