आडनाव एक, मग मूळपुरुषही एकच का?

प्रश्न: आमचं आडनाव तसं दुर्मिळ. पण ओळखदेख नसलेली आणखी काही घरं याच आडनावाची आहेत असं कळलं. त्यांचं-आमचं मूळ एकच आहे का हे वडिलांकडच्या डीएनए टेस्टमधून कळेल का? आडनाव कुठून आलं तेही कळतं का? आणि मी बाई, माझी टेस्ट चालत नाही म्हणतात, खरं का?

उत्तर: ताई, आडनाव कुठून आलं ते डीएनएत लिहिलेलं नसतं, त्यामुळे रिपोर्टमध्ये घराण्याचं मूळ ठिकाण छापून येईल ही आशा सोडा. कळतं ते एवढंच, की दोन पुरुष एकाच बापाच्या वंशातले आहेत का. म्हणजे तुलनेला दुसरा माणूस हवाच, आणि हे बऱ्याच जणांना पैसे भरल्यावर कळतं!

वाय क्रोमोसोम हा डीएनएचा एक भाग बापाकडून मुलाकडे जवळपास जसाच्या तसा जातो, बाईकडे तो नसतोच, म्हणून तुमची टेस्ट चालणार नाही हे खरं. वडील, सख्खा भाऊ, काका, चुलतभाऊ, पुतण्या यातलं कुणीही चालेल. आतेभाऊ मात्र नाही, तो कितीही जवळचा असला तरी त्याचा वाय त्याच्या वडिलांचा, आणि मामाचं तर घराणंच वेगळं.

आता पहिलं सँपल त्या अनोळखी घरांचं घेऊ नका. आधी आपल्याच कुळातले दोन लांबचे भाऊबंद पकडा, ज्यांचा पणजोबा किंवा खापरपणजोबा एक आहे अशी वंशावळ सांगते. दोघं जुळले तर त्या पूर्वजाचा वाय कसा होता ते पक्कं झालं, मग बाकीच्यांशी ताडून बघा. मार्कर म्हणजे वायवरच्या तपासायच्या ठरावीक जागा. १२ मार्करवर नात्याचा काही संबंध नसलेले लोकही जुळतात, टेस्ट निदान ३७ मार्करची तरी करा. ३७ पैकी ३६-३७ जुळले आणि आडनावही तेच, तर नातं बऱ्यापैकी नक्की धरायला हरकत नाही, फक्त ते किती पिढ्यांपूर्वीचं याचा अंदाज ढोबळच राहतो. रिपोर्टमधला हॅप्लोग्रुप, म्हणजे वायच्या वंशवृक्षाची तुमची फांदी, वाचून हुरळून जाऊ नका, मोठे हॅप्लोग्रुप हजारो वर्षं जुने असतात, आडनावं त्यामानाने कालची.

आणि नाही जुळलं तर? धंद्यावरून पडलेली आडनावं अनेक घरांनी आपापली घेतलेली असतात, तिथे न जुळणंच साहजिक. शिवाय दत्तक, सावत्र वडिलांचं लावलेलं नाव, विवाहबाह्य संबंध हे कुठल्याही घराण्यात असू शकतं, त्यात आडनाव तेच राहतं पण वाय बदलतो. दर पिढीला ही शक्यता फक्त १ टक्का धरली तरी २० पिढ्यांत ती साधारण १८ टक्क्यांवर जाते, म्हणजे जवळपास पाचात एक. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टरच्या एका कार पार्कखाली सापडला, आईकडचा डीएनए हयात नातेवाइकांशी जुळला, पण वंशावळीत बापाकडून नातेवाईक ठरणाऱ्यांचा वाय त्याच्याशी जुळला नाही. राजघराण्याच्या कागदांची ही गत, आपण कशाला मनाला लावून घ्यायचं!

म्हणून सँपल देणाऱ्याला आधीच स्पष्ट विचारा, नको ते निघालं तर चालेल का, आणि निकाल कुणाकुणाला दाखवायचा. तो नको म्हणाला तर विषय तिथेच सोडा.