घरात टीबी होता, मग मुलीच्या रक्तात आला का?

प्रश्न : माझे सासरे टीबीनं गेले. गेल्या वर्षी दिराला झाला, सहा महिने गोळ्या खाऊन तो बरा झाला. दिर आणि माझे मालक एकाच कारखान्यात माग चालवतात, घरी एकाच खोलीत राहतो आम्ही सगळे. तरी मालकांना काहीच झालं नाही. आता मुलीला बघायला आलेले लोक म्हणतात, यांच्या रक्तातच टीबी आहे. मुलीची जीन्सची तपासणी करून घेऊ का?
— एक भगिनी, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : ताई, जीन्स म्हणजे आईवडिलांकडून मुलांत येणारे गुण ठरवणारे घटक. त्यांच्या तपासणीवर एक रुपयाही घालवू नका. टीबी जंतूमुळे होतो आणि तो खोकल्यातून, हवेतून लागतो. रॉबर्ट कॉख यांनी हा जंतू १८८२ सालीच दाखवून दिला.

पण एका भावाला झाला, दुसऱ्याला नाही, हे तुम्ही बरोबर हेरलंत. जंतू अंगात शिरलेल्या शंभरातल्या पाच-दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी टीबी होतो. बाकीच्यांचं शरीर त्याला दाबून ठेवतं, आणि ही ताकद काही अंशी जन्मतःच मिळते. कालमन आणि राइसनर यांनी १९४३ साली न्यूयॉर्कमधल्या जुळ्यांचा अभ्यास मांडला. एकाला टीबी असेल तर दुसऱ्यालाही होण्याचं प्रमाण वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांपेक्षा एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांत, म्हणजे ज्यांचे जीन्स सारखेच असतात त्यांच्यात, बरंच जास्त निघालं.

फुप्फुसातल्या भक्षक पेशी जंतूला गिळतात, पण तो आत जिवंत राहतो. मग त्या पेशी आयएल-१२ नावाचं रसायन सोडतात. त्यामुळे टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, जाग्या होऊन इंटरफेरॉन गॅमा नावाचं दुसरं रसायन सोडतात, तेव्हा कुठे भक्षक पेशींना जंतू मारायचं बळ येतं. या साखळीतल्या जीन्समध्ये माणसागणिक फरक असतो. टायके-२ या जीनमधला एक ठरावीक बदल आई आणि वडील दोघांकडून आला तर धोका चांगलाच वाढतो, हे २०१८ साली दिसून आलं. पण अशी माणसं फार थोडी. बाकीचे बहुतेक फरक धोका जरासाच इकडे-तिकडे करतात. त्यावरून तुमच्या मुलीला टीबी होईल की नाही, हे कुणीही सांगू शकत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या सोलापुरात सांगायलाच हवी, कारण इथं मामाशी, आत्याच्या मुलाशी लग्नं अजून होतात. याच साखळीतला बिघडलेला जीन दोन्हीकडून आला, तर क्वचित एखाद्या बाळाला बीसीजी, म्हणजे टीबीविरुद्धची, दुबळा केलेला जिवंत जंतू असलेली लसच बाधते. काखेत नुसती गाठ आली तर घाबरू नका, ती बहुधा आपोआप बरी होते. लशीचा जंतू अंगभर पसरला, तर मात्र जीन्सची तपासणी खरोखर कामाची.

तुमच्या घरी मला काळजी वाटते ती वेगळीच. खिडक्या बंद असलेली मागाची शेड, बारा तासांची पाळी, चहा-खारीवर निघणारा दिवस, वर विडी. आणि अनेकांना साखर असते, ती तपासलेलीच नसते. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना सहा महिने, माणशी दरमहा ५ किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ दिली, तर त्यांच्यातला टीबी ३९ टक्क्यांनी घटला. हा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. जीन्स बदलता येत नाहीत, पण ताटात डाळ वाढवता येते, आणि तिचं बळ एवढं मोठं आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

लागण झाल्यावर पहिली दोन वर्षं धोका सगळ्यात जास्त असतो. म्हणून या आठवड्यातच मालक, मुलगी, तुम्ही, सगळे सिव्हिलमध्ये नाहीतर महापालिकेच्या दवाखान्यात जा आणि छातीचा एक्स-रे काढून घ्या. टीबी नाही असं ठरलं, की प्रतिबंधक गोळ्यांचं विचारा. त्या फुकट मिळतात. घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर त्याला आधी दाखवा.

पाहुण्यांना हे पान वाचायला द्या. दिरानं कोर्स पुरा केलाय, तो बरा झालाय, त्याच्यापासून आता कुणाला लागण होत नाही. एवढं कळूनही ते नको म्हणाले, तर दुसरं स्थळ बघा.