अंघोळीची भीती: पालकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा 20 महिन्यांचा. महिन्यापूर्वी बाथरूममध्ये पाय घसरून पडला. तेव्हापासून दारातच आकांत करतो. धरून अंघोळ घालावी का? (सिडको)

नको. धरून घातलेली अंघोळ उरकते, पण भीती पक्की होते. आठवडाभर ओल्या पंचाने अंग पुसलं तरी स्वच्छता राखता येते. मान, काखा, जांघा आणि ढुंगण मात्र रोज नीट पुसा.

दरम्यान कोरडा टब हॉलमध्ये आणा. त्यात वाटी-चमचा, बाहुली टाका, तो आपणहून बसेल. दोन दिवसांनी तळाला दोन बोटं कोमट पाणी घाला. कपडे काढायला नको म्हणाला तर कपड्यांसकट बसू द्या. मग टब बाथरूमच्या दाराशी न्या, शेवटी आत. रडला तर आधीच्या पायरीवर परत या. कुणी चार दिवसांत सावरतं, कुणाला तीन आठवडे लागतात. घाई केली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

घसरण्याचं कारणही शोधा. बहुतेकदा ते मालिशचं तेल असतं. तळव्यांचं तेल डाळीच्या पिठाने आधीच काढा आणि फरशीवर चोषकवाली (खाली फरशीला चिकटणाऱ्या वाट्या असलेली) रबरी चटई घाला. चटईखाली साबण साचून ती स्वतःच सरकते, म्हणून रोज उचलून धुवा. टबात पाणी बसलेल्या मुलाच्या कमरेपर्यंतच हवं. दोन-तीन इंच पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, त्यामुळे फोन वाजला तरी उठू नका. काम झालं की टब आणि बादली लगेच रिकामी करा.

प्रश्न : मुलगी तीन वर्षांची. थंडीत कपडे काढायलाच तयार नसते, पाणी भाजतं म्हणते. आजी म्हणतात, कढत पाण्याने सर्दी जाते. (निफाड)

मुलीचं खरं माना. मुलांची त्वचा पातळ असते. आपल्या हाताला बरं वाटणारं पाणी तिला चटका देतं. पाणी 37-38 अंश असावं. थर्मामीटर नसेल तर कोपर बुडवून पाहा, गरम किंवा गार असं काहीच जाणवू नये. आपल्याकडे कढत पाण्यात विसण घालायची रीत आहे. मुलांसाठी ती उलटी करा : आधी गार पाणी, त्यात गरम, मग तळापर्यंत ढवळा. हीटरचा रॉड लावलेली बादली मूल फिरतं तिथे ठेवूच नका.

निफाडच्या थंडीत सकाळी सातला अंघोळीचा हट्ट कशाला? अकरा-बाराला, ऊन आल्यावर घाला. खिडकी बंद, पंचा उबदार, कपडे हाताशी, अंघोळ पाच मिनिटांत. एक दिवसाआड घातली तरी चालते. आजींना वाद नको, कामच द्या : पंचा घेऊन उभं राहायचं. सर्दी विषाणूमुळे होते, कढत पाण्याने ती जात नाही.

प्रश्न : अडीच वर्षांची मुलगी अंघोळ करते, पण डोक्यावर पाणी आलं की किंचाळते. (गंगापूर रोड)

भीती अंघोळीची नाही, नाका-डोळ्यांत पाणी जाण्याची आहे. छताला एक रंगीत चित्र चिकटवा. ती वर बघते तेव्हा कपाळावर आडवा हात धरा आणि छोट्या तांब्याने पाणी मागच्या बाजूला ओता. डोळ्यांवर कोरड्या रुमालाची घडी तिलाच धरू दे. "एक, दोन, तीन" म्हणून ओता आणि तीनला थांबाच. "अजून एकदाच" म्हणून फसवलंत तर पुढच्या वेळी ती मोजण्यावर विश्वास ठेवणार नाही. आधी बाहुलीचे केस तिलाच धुऊ दे. शिकेकाई डोळ्यांना फार झोंबते, सध्या सौम्य बेबी शाम्पू वापरा. डोकं आठवड्यातून दोनदा पुरे.

प्रश्न : रामकुंडात एक डुबकी दिली तर भीती जाईल का? (पंचवटी)

जाणार नाही, वाढेल. पायऱ्या निसरड्या असतात, गर्दी आणि गार पाणी वेगळंच. श्रद्धा असेल तर ओंजळीतलं पाणी पायांना लावा.

प्रश्न : चार वर्षांचा मुलगा नळाच्या आवाजाने कान झाकतो. नखं, केसही कापू देत नाही. (नाशिकरोड)

तो आत येण्याआधी बादली भरून नळ बंद करा. फ्लश तो बाहेर गेल्यावर. पण आवाज आणि स्पर्श दोन्ही असह्य होत असतील, तर हा निव्वळ अंघोळीचा प्रश्न नाही. बालरोगतज्ज्ञांना भेटा आणि विकासविषयक तपासणीबद्दल विचारा. जाण्याआधी आठवडाभर लिहून ठेवा : कोणता आवाज, कोणतं कापड, किती वेळाने शांत झाला. तपासणीत ही वही फार कामी येते.