पुरस्कार द्यायचाय? मग अर्ज बाजूला ठेवा आणि वार्षिक रिटर्न मागवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये यंदापासून उल्लेखनीय काम करणाऱ्या मेसॉनिक लॉजेसना पुरस्कार द्यायचे आहेत. समितीचं निमंत्रकपद तुमच्या गळ्यात पडलंय. वरून आलेल्या गुणतक्त्यात नवे सभासद, दिलेली देणगी, घेतलेले कार्यक्रम आणि वर्तमानपत्रांतली कात्रणं यांना गुण आहेत. तो जसाच्या तसा वापरला तर दरवर्षी त्याच दोन मोठ्या लॉजेसना पुरस्कार मिळणार, अशी तुम्हाला धास्ती आहे. ती रास्त आहे.

मी मेसन झालो मुंबईत. इकडे आल्यावर एका छोट्या गावातल्या लॉजमध्ये दाखल झालो, पुढे मास्टरच्या, म्हणजे लॉजप्रमुखाच्या, खुर्चीत बसलो आणि मग अशाच एका समितीवर बरीच वर्षं काढली. त्या अनुभवातून सांगतो. तुमच्या तक्त्यातला एकूण एक निकष लॉजच्या आकाराबरोबर वाढणारा आहे. तीनशे सभासदांच्या लॉजकडे काही विशेष न करताही चाळीस सभासदांच्या लॉजपेक्षा जास्त देणगी जमते. म्हणजे तुम्ही काम मोजत नाही, पट मोजताय.

मेसन नसलेल्या वाचकांसाठी दोन ओळी. मेसन म्हणजे फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघटनेचा सभासद; सभासद एकमेकांना ब्रदर म्हणतात. लॉज ही स्थानिक शाखा, अशा काही शाखांचा मिळून डिस्ट्रिक्ट, आणि सगळ्यांवर ग्रँड लॉज. भारतात २४ नोव्हेंबर १९६१ पासून एकच ग्रँड लॉज आहे आणि तिच्याखाली चार प्रादेशिक ग्रँड लॉजेस. पश्चिमेचा कारभार मुंबईहून चालतो. अमेरिकेत मात्र प्रत्येक राज्याची ग्रँड लॉज स्वतंत्र आणि सार्वभौम, त्यांच्यावर कोणी नाही. त्यामुळे ‘देशातलं उत्तम लॉज’ असं अधिकाराने जाहीर करणारी संस्थाच इथे नाही. याचा फटका पहिल्या महायुद्धात बसला. परदेशी गेलेल्या सैनिकांपर्यंत मदत पोचवायची होती आणि सरकार म्हणत होतं की पन्नासेक वेगवेगळ्या संस्थांशी आम्ही बोलणार नाही, एकच कोणीतरी या. त्यातून १९१९ मध्ये मेसॉनिक सर्व्हिस असोसिएशन निघाली. तिचा मार्क ट्वेन पुरस्कार हा लॉजेससाठीचा राज्याबाहेरचा, बऱ्यापैकी माहीत असलेला सन्मान. त्याबद्दल पुढे बोलतो.

आधी तुमचं काम. प्रत्येक लॉजचा सेक्रेटरी वर्षातून एकदा ग्रँड लॉजच्या सेक्रेटरीकडे, म्हणजे ग्रँड सेक्रेटरीकडे, रिटर्न भरतो. त्यात किती जणांना पहिली डिग्री (दीक्षेची पायरी) दिली, किती जणांना दुसरी, किती जण तिसरी घेऊन मास्टर मेसन झाले, किती वारले, किती स्वतःहून बाहेर पडले आणि वर्गणी थकल्यामुळे किती जणांना निलंबित केलं, हे सगळं असतं. मागच्या पाच वर्षांची रिटर्न्स मागवा. ग्रँड सेक्रेटरीच्या कचेरीत ती असतातच. आणि पुरस्काराचा अर्ज सगळ्यात शेवटी उघडा, कारण अर्ज सजवता येतो. रिटर्न भरताना कोणाच्या डोक्यात पुरस्कार नसतो.

त्यात पहिल्यांदा बघायचं ते पहिल्या आणि तिसऱ्या डिग्रीमधलं अंतर. वर्षाला दहा जण आत येतात आणि चारच मास्टर मेसन होतात, तर उरलेले सहा कुठे अडकले? बहुधा त्यांना पाठांतर शिकवायला कोणी बसलेलं नसतं. संध्याकाळी कामावरून आलेल्या माणसाला आठवड्यातून एकदा समोर बसवून प्रश्नोत्तरं घोटून घ्यायची, हे कंटाळवाणं काम आहे. त्याचा फोटो निघत नाही. पण लॉज जिवंत आहे की नाही ते इथेच कळतं. त्यानंतर पाच वर्षांपूर्वी मास्टर मेसन झालेल्यांची नावं घ्या आणि टायलरच्या वहीत शोधा. (टायलर म्हणजे दाराबाहेर बसणारा पदाधिकारी. आत जाणारा प्रत्येक जण त्याच्या वहीत सही करतो.) ती नावं अजून वहीत दिसत असतील तर त्या लॉजला माझ्याकडून निम्मे गुण तिथेच.

निलंबनाचा आकडाही वाचायला शिका. वर्गणी थकली म्हणून एका फटक्यात वीस नावं उडवणारं लॉज शिस्तीचं असेलच असं नाही. पत्र टाकण्याआधी त्या माणसाला कोणी फोन केला होता का, हे सेक्रेटरीला विचारा. नोकरी गेलेला, बायको आजारी असलेला माणूस आपणहून सांगायला येत नाही. मृत्यूंमुळे घटलेला पट मात्र कोणाच्या नावावर लावू नका. अमेरिकेतल्या मेसन्सची संख्या १९५९ च्या सुमारास एक्केचाळीस लाखांवर होती, आज ती दहा लाखांच्या खाली आहे. युद्धानंतर भराभर आलेली ती पिढी आता संपत आली, त्याला आजचा मास्टर काय करणार?

आता नव्या सभासदांना गुण देण्यातला धोका. ज्याला गुण द्याल ते वाढतं, आणि वाढवायची सोपी वाट कोणीतरी शोधतोच. इथे एका दिवसात तिन्ही डिग्र्या देण्याची प्रथा आहे. २००२ मध्ये ओहायोत एकाच दिवशी सात हजारांहून जास्त लोक मास्टर मेसन झाले. त्या प्रथेवर मेसन्समध्ये आजही कडाक्याची भांडणं होतात आणि मला त्यात पडायचं नाही. एका दिवसात आलेले काही फार चांगले ब्रदर मी पाहिले आहेत. पण तुमच्या तक्त्यात डोकी मोजली जाणार असतील, तर डिसेंबरात एखादं लॉज घाईघाईने चारपाच जणांना आत ओढणार, हे धरून चाला. म्हणून ‘किती आले’ या रकान्यावर फुली मारा आणि तिथे ‘आलेल्यांपैकी किती टिकले’ असं लिहा.

देणगीच्या रकान्यात सगळ्यात जास्त सरमिसळ असते. अर्जात हमखास लिहिलेलं असतं की आमचे ब्रदर मुलांना श्रायनर्सच्या इस्पितळात गाडीतून नेतात, किंवा स्कॉटिश राइटच्या भाषा-उपचार केंद्राला मदत करतात. (दोन्ही मेसन्सच्याच, पण लॉजहून वेगळ्या संस्था.) उत्तम काम आहे, वादच नाही. पण ते त्या संस्थांचं काम आहे, आणि तो माणूस तिथला सभासद म्हणून ते करतोय. लॉजने लॉज म्हणून काय केलं ते वेगळं काढा. गावातल्या प्राथमिक शाळेत ‘बाइक्स फॉर बुक्स’ चालवलं का? (मुलांनी पुस्तकं वाचायची, प्रत्येक पुस्तकामागे एक चिठ्ठी, शेवटी सोडत काढून सायकली द्यायच्या.) रक्तदान शिबिरासाठी हॉल उघडून दिला का? आणि किती डॉलर दिले यापेक्षा किती ब्रदर स्वतः तिथे उभे होते ते विचारा. चेक फाडायला दोन सह्या पुरतात.

अर्जात जवळपास कधीच नसणारी गोष्ट म्हणजे विधवांची यादी. आपल्याकडे मुंबईत आल्मनर हा लॉजचा पदाधिकारीच असतो. आजारी ब्रदर, दिवंगत ब्रदरची पत्नी, शिकणारी मुलं, यांची चौकशी त्याच्याकडे. इथल्या बऱ्याच लॉजेसमध्ये ते काम सेक्रेटरीच्या अंगावर पडतं किंवा कोणाच्याच नाही. तुम्ही सरळ विचारा: तुमच्या लॉजच्या किती विधवा हयात आहेत, त्यांच्याशी शेवटचं कोण बोललं, कधी? एका मोठ्या, नावाजलेल्या लॉजमध्ये हा प्रश्न विचारल्यावर खोलीत शांतता पसरली होती. त्याच महिन्यात पंधरावीस जणच जमणाऱ्या एका शेतीगावच्या लॉजच्या सेक्रेटरीने खिशातून घडी घातलेला कागद काढला. नावं, फोन नंबर आणि पुढे पेन्सिलीने शेरे: ‘छत गळतंय’, ‘मुलगा टेक्सासला गेला’, ‘ऐकू कमी येतं, संध्याकाळी फोन नको’. त्यांचा अर्ज अर्ध्या पानाचा होता आणि त्यात या कागदाचा उल्लेखही नव्हता.

म्हणून समितीने प्रत्यक्ष जायला हवं. अर्ज केलेल्या प्रत्येक लॉजच्या नेहमीच्या मासिक सभेला समितीतले दोघे जण, पुरस्कारासाठी आलोय असं न सांगता. तुम्ही मेसन आहात, भेट देणं हा तुमचा रिवाजच आहे. दारात अनोळखी माणसाशी कोण बोलतं ते बघा. मिनिट्स वाचायला किती वेळ जातो आणि वर्गणी, छप्पर, बॉयलर यांवर किती, ते बघा. जेवताना नवा ब्रदर एकटा बसलाय का ते बघा. रिच्युअल, म्हणजे सभेतले विधी, पाठ आहेत की पुस्तकातून वाचतायत हेही बघा, पण त्याला फार वजन देऊ नका. काही लॉजेसमध्ये रिच्युअल ऐकताना अंगावर काटा येतो आणि सभा संपल्यावर पाच मिनिटांत पार्किंग रिकामं होतं.

आता मोठ्या सन्मानांकडे, कारण त्यांतून रचनेचे दोन धडे मिळतात.

मार्क ट्वेन पुरस्कार मुख्यतः एक गोष्ट बघतो: लॉजने आपली ओळख गावापुढे कशी नेली आणि मित्र, शेजारी, नातेवाईक यांना कसं सामील करून घेतलं. एकच प्रश्न आणि तो सगळ्यांना समजणारा, ही त्याची ताकद. शिवाय तो एकाच विजेत्याला मिळत नाही. तुमचा एखादा हुशार सेक्रेटरी त्यासाठी अर्ज करणार असेल तर जरूर करू द्या, पण तुमचा जिल्हा पुरस्कार त्याची नक्कल करू नका, कारण आतलं काम त्या प्रश्नात फारसं येत नाही. गंमत म्हणजे ज्याच्या नावाने हा सन्मान आहे तो लेखक मार्क ट्वेन, म्हणजे सॅम्युएल क्लेमेन्स, १८६१ मध्ये सेंट लुइसच्या पोलर स्टार लॉज क्र. ७९ मध्ये मास्टर मेसन झाला, पुढे वर्गणी थकवल्यामुळे निलंबित झाला आणि १८६७ मध्ये परत घेतला गेला. तुमच्या तक्त्यात तो निलंबनाच्या रकान्यात गेला असता. परत घेणाऱ्या लॉजला मी मात्र गुण दिले असते.

दुसरा दाखला इंग्लंडचा आणि माझ्या मते जास्त शिकण्यासारखा. पहिल्या महायुद्धात तीन हजारांहून जास्त इंग्लिश मेसन कामी आले. त्यांचं स्मारक म्हणून लंडनच्या ग्रेट क्वीन स्ट्रीटवर नवं फ्रीमेसन्स हॉल बांधायचं ठरलं आणि दहा लाख पौंडांचा निधी सुरू झाला. तेव्हा ग्रँड मास्टर होते ड्यूक ऑफ कॉनॉट. हेच १८८६ ते १८९० मुंबई फौजेचे सरसेनापती होते, पुण्याच्या लोकांना कॅम्पातल्या जुन्या नावांवरून ते आठवतील. निधीसाठी त्यांनी स्पर्धा लावली नाही. ज्या लॉजची देणगी सभासदामागे सरासरी दहा गिनी भरेल ते ‘हॉल स्टोन लॉज’. त्याच्या मास्टरने निळ्या फितीत एक खास पदक गळ्यात घालायचं आणि दर वर्षी नव्या मास्टरकडे ते सोपवायचं. १९३३ मध्ये वास्तू खुली झाली; १९३८ मध्ये निधी बंद झाला तोवर अशी १,३२१ लॉजेस झाली होती आणि त्यांची नावं तिथे संगमरवरावर कोरलेली आहेत. आजही ती पदकं घातली जातात.

त्यातलं घेण्यासारखं असं. सरासरी सभासदामागे असल्याने वीस जणांचं लॉज दोनशे जणांच्या लॉजच्या बरोबरीला आलं. ठरलेली रेघ ओलांडली की सन्मान, दुसऱ्याला हरवायची गरज नाही. आणि पदक लॉजचं, माणसाचं नाही. न घेण्यासारखं एकच: मोजमाप पैशाचं होतं. खाणकामगारांच्या वस्तीतल्या लॉजला दहा गिनी आणि शहरातल्या वकिलांच्या लॉजला दहा गिनी यात जमीनअस्मानाचा फरक. इमारत बांधायची होती, त्यामुळे तिथे ते खपून गेलं. तुम्हाला इमारत बांधायची नाही.

तेव्हा रेघ आखा. मी सुचवेन त्या चार अटी: मागच्या तीन वर्षांत आत आलेल्यांपैकी बहुतेक जण तिसऱ्या डिग्रीपर्यंत पोचलेले असावेत. विधवांची आणि आजाऱ्यांची यादी असावी आणि तिच्यावर गेल्या सहा महिन्यांतल्या तारखा असाव्यात. गावासाठी एक तरी काम असं, ज्यात सभासद स्वतः उभे राहिले. आणि या तीन वर्षांत लॉज स्वतःच्याच आधीच्या स्थितीपेक्षा कुठेतरी पुढे गेलेलं दिसावं. चारही पूर्ण करतील त्या सगळ्यांना सन्मान. एखाद्या वर्षी कोणीच नसेल तर त्या वर्षी कोणालाच नाही. हा शेवटचा नियम पहिल्याच वर्षी लेखी करून घ्या, कारण नंतर ‘कार्यक्रम ठरलाय, कोणाला तरी द्याच’ असा फोन येतो.

वयाला गुण नकोत. काही लॉजेस पुरातनतेवर जगतात. मुंबईचं राइझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया १८४३ चं, भारतीयांना मेसनरीची दारं उघडण्यासाठी निघालेलं. त्याचा अभिमान मलाही आहे. पण तो इतिहास आहे, आणि शंभरी-दीडशेचे सन्मान वेगळे असतात.

शिवाय समितीविना चालणारा एक सन्मान तुमच्याकडे बहुधा आहेच, तो अडगळीत पडला असेल तर बाहेर काढा: ट्रॅव्हलिंग गॅव्हल. एक लाकडी हातोडा. तो ज्या लॉजकडे असेल तिथे दुसऱ्या लॉजने ठरलेल्या संख्येने सभासद घेऊन भेट द्यायची आणि तो जिंकून न्यायचा. मग तिसऱ्याने त्यांच्याकडून. भेटीगाठी वाढवायला याच्याइतकं स्वस्त साधन मी पाहिलेलं नाही, आणि छोटी लॉजेस यात मोठ्यांना सहज मात देतात. पाच जणांनी एकाच व्हॅनमध्ये बसून जायचं, एवढंच लागतं.

त्या दोन मोठ्या लॉजेसचे पास्ट मास्टर (माजी मास्टर) कुरकुर करतील. त्यांना तुमच्या चार अटी दाखवा. खरोखर चांगलं चालत असेल तर ती रेघ त्यांनाही जड नाही. समितीतला कोणीही स्वतःच्या लॉजच्या चर्चेत बसणार नाही, हे मात्र पाळाच. सन्मान ग्रँड लॉजच्या मोठ्या अधिवेशनात देऊ नका, तिथे सारखी नावंच पुकारली जात असतात. त्या लॉजच्या स्वतःच्या हॉलमध्ये, कुटुंबीयांना बोलावून द्या, आणि यादीतल्या विधवांना घेऊन यायला गाड्या पाठवा. रिटर्न्ससाठी ग्रँड सेक्रेटरीला पत्र याच आठवड्यात टाका. एकदा इन्स्टॉलेशन्सचा, म्हणजे नव्या पदाधिकाऱ्यांच्या पदग्रहणांचा, हंगाम सुरू झाला की त्या कचेरीतून उत्तर यायला वेळ लागतो.