दाढीच्या साबणाचा फेस करायला स्वस्तातला मग किंवा वाडगा मुंबईत कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की ट्यूबमधलं क्रीम सोडून नुकतेच ब्रश आणि साबणाच्या वडीवर आलात, ऑनलाइन ‘शेव्हिंग बाउल’ शोधला तर हजार-बाराशे सांगतायत, आणि दीड-दोनशेत काही जमेल का. जमेल की. बहुतेक घरातच असेल. पण घरातलं भांडं उचलण्याआधी माझं काय झालं ते ऐका.

मी सुरुवातीला स्वयंपाकघरातली आमटीची वाटी पळवली. फेस झकास झाला. वाटी विसळून पुन्हा फळीवर ठेवली. रात्री बाबा जेवता जेवता म्हणाले, “आज आमटीला चंदनाचा वास कसला गं?” आईने बाबांकडे पाहिलंच नाही, थेट माझ्याकडे पाहिलं. त्या वाटीची रवानगी कायमची बाथरूममध्ये झाली आणि सहाच्या सेटच्या पाच वाट्या उरल्या. पाहुणे सहा आले की तो विषय अजून निघतो. तेव्हा जे काही घ्याल ते दाढीचंच ठेवा, परत फळीवर नको.

आमटीची वाटी तशीही लहान पडते. ब्रश फिरवला की फेस काठावरून ओघळून मनगटावर येतो. तोंड साधारण 11 ते 12 सेंटीमीटर आणि खोली 5 ते 6 सेंटीमीटर असली की हात मोकळा फिरतो. पट्टी लावत बसायचं नसेल तर दूधभात खायचा वाडगा डोळ्यांसमोर आणा, तेच माप. चहाच्या मगाचं उलटं होतं: कान असल्यामुळे ओल्या हातातून निसटत नाही हे खरं, पण तोंड अरुंद आणि बूड खोल, त्यामुळे बोटांची पेरं काठावर आपटत राहतात. मगच हवा असेल तर सूपचा पसरट मग बघा. आणि काहीही घ्यायला जाताना ब्रश खिशात टाकून न्या. दुकानदार चमकून बघेल, बघू दे. रिकाम्या भांड्यात ब्रश दोनदा फिरवला की लगेच कळतं.

स्टीलसाठी पायधुनीचा तांबाकाटा. घाऊक बाजार आहे, माल वजनावर जातो, पण सुटा वाडगा मागितला तर बरेच जण देतात. मला जाड बुडाचा एक ऐंशी रुपयांत मिळाला होता. दुकानात नाव घालणारा माणूस यंत्र घेऊन बसलाच होता. त्याने सवयीने विचारलं, “सप्रेम भेट कोणाकडून?” म्हटलं, भेट नाही, नुसतं ‘दाढी’ घाला. त्याने एकदा वर पाहिलं आणि टर्रर्र करत सुबक अक्षरात घातलं. त्या दिवसापासून घरात वाडग्यावरून वाद नाही. मग हुरूप येऊन आत बुडाशी आडव्या-उभ्या रेघाही मारून घेतल्या, कारण स्टीलचं बूड गुळगुळीत असतं आणि ब्रश नुसता घसरतो. रेघांनी फार फरक पडला असं मात्र छातीठोक सांगवत नाही. फारच उथळ निघाल्या.

स्टीलचा दुसरा दोष म्हणजे पातळ पत्र्यात फेस लगेच गार होतो. मुंबईच्या मे महिन्यात याचं कुणाला सोयरसुतक नाही, पण गरम फेसाचा शौक असेल तर तसराळ्यात कढत पाणी घ्या आणि वाडगा त्यात बसवा. नाहीतर दोन पदरी स्टीलचा घ्या, तो आतली ऊब धरून ठेवतो आणि बाहेरून हाताला चटका बसत नाही.

चिनीमातीसाठी क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास क्रॉकरीची दुकानं आहेत. तिथे सेट मागू नका, ‘सुटा नग आहे का’ असं विचारा. सहातला एक फुटला की उरलेले पाच दुकानदाराच्या गळ्यात पडतात, आणि ते तो कमी भावात सोडतो. रंग थोडा उडालेला, काठ किंचित वाकडा, आपल्याला काय त्याचं. फक्त आत बारीक तडे गेलेले नकोत, त्यात साबण अडकून बसतो. रस्त्याकडेला गाडीवर उत्तर प्रदेशातल्या खुर्जा गावची रंगीत चिनीमातीची भांडी विकतात ना, त्यातले काही वाडगे आतून चाकाच्या रेघा राहिलेले असतात. बोट फिरवून बघा. ज्याच्या रेघा बोटाला लागतात तो उचला, त्यावर साबण लवकर फुलतो.

सगळ्यात स्वस्त काम हवं असेल तर सलूनचं सामान विकणाऱ्याकडे केस रंगवायचा प्लॅस्टिकचा वाडगा मागा. पकडायला कान असतो, काहींच्या बुडाला रबराची कडी असते, पडला तर फुटत नाही. दिसायला अगदीच गरीब, पण प्रवासाला मी अजून तोच नेतो.

धारावीच्या कुंभारवाड्यात जाऊन मातीचा वाडगा आणायचा मोह मलाही झाला होता. भट्टीतून निघालेली साधी लाल माती पाणी पिते, म्हणजे तुम्ही फेस करायचा आणि वाडग्याने तो सुकवायचा. ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, दिलेला मिळाला तर जरूर घ्या. चोर बाजारातल्या जुन्या पितळी वाट्या दिसायला देखण्या असतात, पण ओला साबण राहिला की हिरवट डाग धरतात आणि मग रोज चिंच लावत बसा. ॲल्युमिनियम साबणाच्या अल्कलीने काळवंडतं. करवंटीसुद्धा करून पाहिली, कोकणी माणूस गप्प बसतो थोडाच. आतून चांगली खरखरीत असते, पण बूड गोल, त्यामुळे खाली चुंबळ ठेवावी लागते. दाढीसाठी चुंबळ वळणारा माणूस घरच्यांच्या नजरेतून उतरतो.

घरी जुने कपडे साठले असतील तर दारावर येणाऱ्या बोहारणीला विसरू नका. दोन पँटी आणि एका साडीत वाडगा सहज येतो. घासाघीस मात्र घरातल्या बाईमाणसाला करू द्या, माझ्यासारख्याला ती चमच्यावर बोळवते.

आणि एक. नवा वाडगा आणूनही फेस बसत नसेल तर दोष भांड्याला देण्याआधी पाणी बघा. पालिकेचं तलावाचं पाणी मऊ असतं, त्यात साबण पटकन फुलतो. बोअरिंगच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातला कॅल्शियम नि मॅग्नेशियम साबणाला धरून चिकट साका करतात, मग कितीही घुसळा. आमच्या सोसायटीत टँकर आला की मी प्यायच्या पाण्यातले दोन-तीन चमचे घेतो, फेसाला तेवढं पुरतं. आधी ब्रश झटकून वडीवर अर्धा मिनिट फिरवायचा, मग वाडग्यात. पहिल्यांदा चक्क्यासारखं घट्ट दिसलं पाहिजे. मग थेंब थेंब पाणी टाकत मिनिटभर घोटायचं, फेटलेल्या सायीसारखं मऊ होईपर्यंत. बुडबुडे मोठे दिसायला लागले की समजा पाणी जास्त झालं.

मी स्वतः आता काय वापरतो ते सांगतो. प्रिन्सेस स्ट्रीटला प्रयोगशाळेचं सामान विकणारी दुकानं आहेत. तिथे औषधं घोटायचा पांढरा चिनीमातीचा खल मिळतो. बाहेरून चकचकीत, आतून ग्लेझ नसलेला, बारीक रवाळ. अंगाने इतका जड की ब्रश कितीही फिरवा, बेसिनच्या कडेवरून हलत नाही. ओतायला चोच असते ती आपल्या कामाची नाही, पण अंगठा टेकवायला बरी पडते. माझा मधल्या मापाचा, दोनशेच्या जरा वर गेला, म्हणजे तुमच्या बजेटच्या काठावर. गरम पाण्याने एकदा विसळून घेतला की दाढी संपेपर्यंत ऊब राहते. फक्त ब्रश दाबून रगडू नका, केसांची टोकं झिजतील.

खलाबरोबर बत्ता येतोच, वेगळा काढून देत नाहीत. तो आईने वेलची चेचायला घेतला आहे. सहाव्या वाटीचा हिशेब मात्र तिने अजून मिटवलेला नाही.